चार तासांचा तर रस्ता

पुण्याहून गाडीनं कोल्हापूरला जायचं निघालं की घरात कुणीतरी हे वाक्य टाकतंच : "चार तासांचा तर रस्ता, त्यात ठरवायचं काय एवढं?" म्हणणारा माणूस सहसा मागच्या सीटवर बसणारा असतो. माझं माहेर कोल्हापूर, सासर पुणे, आणि या रस्त्यावर स्टिअरिंग बहुतेक वेळा माझ्याच हातात असतं. त्यामुळे या वाक्याशी माझं जुनं वैर आहे.

अंतर २३० किलोमीटरच्या आसपास. तुम्ही कोथरूडहून निघता की हडपसरहून, आणि तिकडे ताराबाई पार्कात उतरता की शिवाजी पेठेत, त्यावर थोडं कमी-जास्त. मोबाइलवरचा नकाशा सव्वाचार-साडेचार तास दाखवतो. केरळला नाहीतर राजस्थानला निघालेली माणसं महिनाभर आधी वही-पेन घेऊन बसतात, मुक्काम ठरवतात, टायर तपासून घेतात. कोल्हापूरला निघालेला माणूस मात्र शनिवारी सकाळी पोहे खाऊन, शेजारी किल्ली देऊन, नऊच्या सुमाराला निवांत निघतो आणि तासा-दीड तासानं खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर उभा राहून सरकारला शिव्या घालतो. माझं म्हणणं असं की, रस्ता जितका छोटा तितकं ठरवावं जास्त लागतं. दोन दिवसांच्या प्रवासात तास गेला तर गेला, कुठंतरी भरून निघतो. चार तासांच्या प्रवासात गेलेला तास थेट दुपारच्या जेवणातून वजा होतो. आणि कोल्हापुरातलं दुपारचं जेवण ही काही हयगय करायची बाब नव्हे.

म्हणून मी नकाशा नंतर उघडते, आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघते. पौष असेल तर मांढरदेवीची काळूबाई आणि पालचा खंडोबा, दोन्ही यात्रांची गर्दी याच रस्त्यानं येते-जाते. चैत्र पौर्णिमेला जोतिबा : डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि खाली महामार्गावर गुलालानं माखलेले टेम्पो. नवरात्रात अंबाबाई. नोव्हेंबरात आणि जानेवारी संपता संपता किरणोत्सव, मावळतीचं ऊन देवीच्या अंगावर येतं ते बघायला लोक लांबून येतात. आणि या सगळ्यांपेक्षा भारी गर्दी म्हणजे जोडून आलेल्या सुट्ट्या. त्या दिवशी निम्मं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं. सुरूर फाट्याला ती मंडळी उजवीकडे वाईच्या बाजूला वळतात आणि मग महामार्ग एकदम मोकळा होतो, पण सुरूरपर्यंत त्यांच्याच बरोबरीनं सरकायचं असतं. अशा शनिवारी मी पहाटे पाचला चाक हललंच पाहिजे, यावर अडून बसते. नवरा म्हणतो, साडेपाच. सासूबाई म्हणतात, देवपूजा झाल्याशिवाय नाही, म्हणजे सहा. शेवटी निघतो साडेपाचलाच, फक्त प्रत्येकाला आपण हरलो असं वाटत असतं.

आईचा फोन आदल्या रात्री ठरलेला. "कधी निघणार हाईसा?" वेळ सांगितली की पुढचं वाक्य : "वाटेत कायबाय खाऊन येऊ नका. मटण सकाळीच आणून ठेवतो मी." कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, 'ठेवतो', 'येतो', 'जातो'. माझ्या पुण्यातल्या जावेला सुरुवातीला वाटायचं, फोनवर माझे वडीलच आहेत. तर, मटण सकाळी येणार म्हणजे आपण उशिरात उशिरा साडेअकराला पोचायचं. बेत या टोकापासून मागं मागं येत ठरतो. साडेअकरा वजा चार तास, वजा नाश्ता, वजा सासूबाई.

आता रस्ता. इथं मात्र मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण पुणे-कोल्हापूर ही सरळ रेघ आहे असं जे नकाशावर दिसतं ते गाडीला कधीच पटत नाही. हा सगळा रस्ता सह्याद्रीला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आणि डोंगरांच्या सोंडा मात्र पूर्वेकडे जातात. म्हणजे प्रत्येक सोंड चढून उतरायची आणि प्रत्येक नदी ओलांडायची. पहिली सोंड कात्रजची. तिच्या अलीकडचं पाणी मुठेला, पलीकडचं शिवगंगेला. बाह्यवळणावरच्या नव्या कात्रज बोगद्यातून गेलं की हे कळतसुद्धा नाही, दोन-तीन मिनिटांत खोरं बदललेलं असतं. शिवगंगा पुढे गुंजवणीला आणि गुंजवणी नीरेला मिळते. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू.

दुसरी सोंड खंबाटकीची, आणि हीच खरी. महादेव डोंगररांगेवरचा हा घाट म्हणजे भीमा आणि कृष्णा या दोन खोऱ्यांमधला बांध. घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब उत्तरेला ओघळला तर नीरेत जाणार, नीरा नरसिंहपूरला भीमेत, आणि तिथून पंढरपूर. तोच थेंब हातभर दक्षिणेला पडला तर कृष्णेत : माहुली, कऱ्हाड, सांगली, आणि मग नरसोबाची वाडी. एक विठोबाच्या पायाशी, दुसरा दत्ताच्या. पुढे रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते तेव्हा दोघांची गाठ पडते, पण तोवर महाराष्ट्र मागं पडलेला असतो. सासूबाई विठोबाच्या, माझी आई वाडीची. घाट चढताना हे मी एकदा त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू समोर बघ."

समोर बघावंच लागतं. खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी सगळी वाहनं जुन्या घाटरस्त्यानं चढतात आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून येतात. म्हणजे जाताना चढाला आपण आणि आपल्यापुढे बंगळुरूपर्यंत निघालेले लोखंडाचे, टाइल्सचे, गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर. एक ट्रेलर तापून वळणावर बसला की मागची रांग खंडाळ्यापर्यंत. (हा खंडाळा साताऱ्याचा, लोणावळ्याजवळचा नव्हे. आमच्या एका पाहुण्यांनी फोनवर "खंडाळ्यात अडकलोय" म्हटल्यावर आईनं त्यांना मुंबईला पोचवून ठेवलं होतं.) सुट्टीच्या दिवशी सकाळी आठनंतर हा घाट म्हणजे नशिबाचा खेळ. सातच्या आत घाटातल्या खामजाईदेवीला हात जोडून पलीकडे उतरलं की बेत निम्मा तडीस गेला असं मी धरते. घाटाला पर्याय म्हणून जुळ्या बोगद्यांचं काम हाती घेतलेलं आहे, आणि त्यातून गाड्या सुरळीत धावायला लागल्या की वर लिहिलेलं हे सगळं शहाणपण बाद होईल. मला त्याचं अजिबात वाईट वाटणार नाही.

रेल्वेनं तर हा घाट आधीच टाळला आहे. पुण्याहून निघालेली गाडी जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेचा वळसा घेते आणि मग साताऱ्याकडे येते. सांगली-मिरजेला शिवून कोल्हापूरला पोचेपर्यंत तीनशे किलोमीटरच्या वर अंतर होतं. २०२४ मध्ये वंदे भारत आली तरी वळसा तोच. म्हणूनच स्टँडवर एसटीला अजून रांग असते आणि आमच्यासारखे लोक अजून पेट्रोल जाळतात.

खंबाटकी उतरलं की हवा बदलते, निदान मला तरी तसं वाटतं. उजवीकडे वाई. आख्खा मराठी विश्वकोश जिथं बसून रचला गेला ते गाव महामार्गापासून इतकं जवळ आहे, आणि आपल्याला फाट्यावर आठवते ती स्ट्रॉबेरी. भुईंजजवळ कृष्णा लागते. या सगळ्या रस्त्यात महामार्ग कृष्णा ओलांडतो तो इथं एकदाच. त्यानंतर ती कायम आपल्या डाव्या हाताला, कधी दोन मैलांवर, कधी दहा, पण डावीकडेच. आणि उजवीकडून तिच्याकडे निघालेल्या नद्या आपल्या चाकांखालून जात राहतात : साताऱ्याच्या तोंडाशी वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना, मग वारणा, शेवटी पंचगंगा. नकाशा बंद पडला तरी या ओळीवरून आपण कुठं आहोत ते सांगता येतं. मुलीला मी स्थानकांच्या नावांऐवजी हीच यादी पाठ करायला लावली आहे. ती वारणा विसरते.

टोलचं थोडक्यात आवरते. नाके चार : खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, पण खात्यात पैसे आहेत का हे आदल्या रात्री बघायचं, नाक्यावर नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी ये-जा असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना निघालेला वार्षिक पास हिशेबात घ्यावा : एका नाक्याची एक फेरी अशा दोनशे फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन आठ. बाकी गणित ज्याचं त्यानं करावं.

थांबे कुठं घ्यायचे यावर पुरुष बोलायला लागले की ते मिसळीवर बोलतात. कुठली झणझणीत, कुठं तर्री वेगळी देतात, कुठला वडा गेल्या वर्षीसारखा राहिला नाही. मी गाडीत दोन-तीन बायका असताना थांबा ठरवते तो स्वच्छतागृहावरून. या एका गोष्टीचं नियोजन नसेल तर पाणी न पिता प्रवास करणं हाच उपाय उरतो, आणि आपल्या आया-आज्यांनी जन्मभर तोच केला. पेट्रोल पंपावर सोय असायला हवी. असते, पण दाराला कुलूप आणि किल्ली "मॅनेजर साहेबांकडे", आणि साहेब जेवायला. मोठ्या हॉटेलांत दहा मिनिटांपूर्वी तीन बस थांबल्या असतील तर तिकडेही जाववत नाही. म्हणून माझा नियम : बस जिथं थांबत नाहीत असं मध्यम हॉटेल, सकाळी आठच्या आत. त्या वेळी झाडलोट नुकतीच झालेली असते, फरशी ओली असते आणि नळाला पाणी असतं. साताऱ्याच्या थोडं अलीकडे असं एक ठिकाण मला माहीत आहे. नाव सांगणार नाही, गर्दी झाली तर माझंच नुकसान.

तिथली मिसळ बेताची आहे, हे नवऱ्याचं मत. असू दे.

सातारा बाहेरूनच जातो. डावीकडे-उजवीकडे कंदी पेढ्यांच्या पाट्या, वर अजिंक्यतारा. पेढे जाताना घ्यायचे नाहीत, परतताना घ्यायचे, कारण कोल्हापूरच्या माणसाला साताऱ्याचे पेढे नेऊन दिले की तो घेतो, पण "आमच्याकडं मिळत्यात की" हे म्हटल्याशिवाय घेत नाही. कऱ्हाडला कोयनेचा पूल लागतो. महाबळेश्वरात एकाच डोंगरावर जन्मलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन बहिणी लांब लांब वाटांनी येऊन जिथं समोरासमोर भेटतात, तो प्रीतिसंगम शहराच्या पलीकडे. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच. वेळ असेल तर अर्धा तास जावा अशी जागा आहे, पण मटण सकाळीच आलेलं असतं.

कऱ्हाडच्या पुढे रस्ता उसाच्या राज्यात शिरतो, आणि इथं दिनदर्शिका पुन्हा काढावी लागते. गळीत हंगाम चालू असेल, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर पेठ नाक्याच्या आगेमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आडव्या रस्त्यांवरून महामार्गावर येतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर, ड्रायव्हरचं टेप मोठ्यानं चालू, मागं दिवा असला तर असला. दिवसा हे दृश्य मला आवडतं. हवेत मळीचा वास असतो, लहानपणीच्या सगळ्या हिवाळ्यांचा वास तोच. अंधारात मात्र हीच ट्रॉली दिसते ती वीस फुटांवर आल्यावर. म्हणून हंगामात कऱ्हाड ते किणी हा टप्पा उजेडातच पार करायचा, यावर मी कुणाचं ऐकत नाही. त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे या पट्ट्यात गेली काही वर्षं वळणवाटाच वळणवाटा आहेत. नकाशातली बाई सरळ जा म्हणते आणि पुढे बॅरिकेड.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरला निघायचं असेल तर हवामान खात्याच्या आधी मी भावाला फोन करते आणि एकच विचारते : "राजारामला किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची. हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. अडतीसच्या आसपास असेल आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असतील, तर निघायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या पुढे गेलं, शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि दोन्ही वेळा कित्येक दिवस बंद राहिला. पुण्याचं-मुंबईचं दूध अडलं, ट्रकच्या रांगा मैलोन्‌मैल लागल्या. सांगलीवरून वळसा घ्यावा तर तिकडे कृष्णा आणि वारणा तशाच फुगलेल्या. चारपदरी, आशियाई महामार्गाच्या जाळ्यातला, दिल्लीहून चेन्नईला जाणारा हा रस्ता, आणि त्याचं शेवटचं पाऊल कोल्हापुरात पडायचं की नाही ते पंचगंगा जिच्यांतून होते त्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या मिळून ठरवतात. चार तासांचा रस्ता म्हणणाऱ्यांना मी हे जरूर ऐकवते.

एरवी, पाणी नसताना, वारणा ओलांडून किणीचा नाका मागं टाकला की गाडीतलं वातावरण बदलतं. उजवीकडे, हवा स्वच्छ असेल तर, जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा. माझी भाषा इथं आपोआप बदलते असं नवरा म्हणतो. मी पुढच्या ट्रकवाल्याला "भावा, सर की जरा" म्हणते म्हणे. शिरोली, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेलची कमान, आणि मग शहर. शेवटच्या सात-आठ किलोमीटरला अर्धा तास लागतो, तो धरून ठेवायचा. तो कुणीच धरत नाही आणि मग पोचताना सगळे चिडलेले असतात.

राहिला परतीचा बेत. ठरवताना लोक जायचंच ठरवतात, यायचं राम भरोसे. खरं तर यायचा रस्ता जास्त अवघड आहे. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या उतारावर इंग्रजी एस आकाराचं वळण आहे, तिथं झालेल्या अपघातांना गणती नाही. आणि अगदी शेवटी, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथं गाडी न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापतात, आणि पुढं काय होतं ते पुणेकर वर्तमानपत्रात वाचतच असतात. त्या उतारावर ट्रकच्या पुढे राहायचं नाही, एवढंच आपल्या हातात. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाच्या वाट्याला या दोन जागा येतात, त्याही बहुधा अंधारात.

यावर उपाय सोपा आहे. रविवारी दुपारी बाराच्या आत कोल्हापूर सोडायचं, म्हणजे संध्याकाळी महाबळेश्वरची गर्दी सुरूरला खाली उतरायच्या आधी आपण पुढे गेलेलो असतो. किंवा सोमवारी पहाटे चारला निघायचं. सोमवार आमच्या घरात कुणाला चालत नाही, मुलीची शाळा असते. म्हणजे रविवार बारा. शनिवारी रात्री सगळ्यांचं यावर एकमत होतं, आईसुद्धा मान डोलावते. रविवारी अकराला ती विचारते, "पांढरा रस्सा केलाय, घेऊन जाणार की हितंच जेवणार?" भाऊ भाकरीवाल्या मावशींना फोन लावतो. गूळ, काकवी, घरचं तिखट, मेतकूट, फणस असेल तर फणस, असं सगळं डिकीत चढायला लागतं. म्हणून पुण्याहून निघताना डिकी निम्मी रिकामी ठेवायची, हेही बेतात धरलेलं असतं. जावईबापू आधीच पाटावर बसलेले असतात. तीन वाजतात. आणेवाडीला किती वेळ उभं राहावं लागेल याचा हिशेब मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना करते, आणि मग तांबड्याची वाटी पुढे करते.